रागावलेल्या माकडाची मनधरणी

मी संशोधन-शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला निघत असताना दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या बाल्कनीतून माकडाने माझा चष्मा पळवला. मी काठी आपटल्यावर त्याने दात विचकले. केळे दाखवल्यावर ते अधिकच चवताळले.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले मराठी ज्यू. बाबा दर शनिवारी प्राचीन ज्यू आचार्यांची शिकवण वाचतात.

"थांब," ते म्हणाले. "राग भरात असताना कुणाची मनधरणी करू नये, असं आचार्य सांगतात."

"बाबा, ते माणसांबद्दल आहे!"

"राग तर तोच ना?"

मग आई, बाबा आणि मी माकडाकडे पाठ करून चहा प्यायलो. या प्रयोगाला शास्त्रीय आधार शून्य होता, तरी माकडाने कंटाळून चष्मा खाली टाकला. एक काच फुटली. आई माझी समजूत काढायला पुढे आली.

"आत्ता नको," बाबा तिला म्हणाले, "राग अजून भरात आहे."