खडी फोडणाऱ्या मावशी

साठ साली नवं राज्य झालं, त्या सुमाराची गोष्ट. लिलावातली जुनी लष्करी जीप घेऊन आम्ही तिघे मित्र सोनारीजवळच्या ओढ्यात ती खडकांवर चढवायला गेलो. मधल्या एका खडकावर जीपचं पोट टेकलं. चाकं हवेत गरगरू लागली.

आम्ही ढकलून दमलो, तेव्हा पलीकडं खडी फोडणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी छिन्नी-हातोडा घेऊन आल्या. लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी खडकावरून तळवा फिरवला.

"गाडीला कशाला ढकलताय? अडवलंय दगडानं."

दगडातली बारीक शीर, भेगेची रेघ, सापडताच त्यांनी चार घाव घातले. खडक दुभंगला, जीप सुटली.

निघताना मागं पाहिलं, तर त्या वाकून कपच्या वेचत होत्या.

"राहू द्या की, मावशी!"

"मागनं बैलं येत्यात. खुरात कपची जाईल त्यांच्या."

जीप बंद करून आम्ही तिघंही खाली वाकलो.