सुमनचा नवरा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आणि मी कसा माणूस आहे ते आधी ऐका — मला साधी शिंक आली तरी ती चार घरी सांगून येतो. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला निघालो होतो, कनेरगाव नाक्याला उतरायचं, तर एसटीत झोप लागली आणि थेट वाशिमला पोचलो. सासरे नाक्यावर हार घेऊन उभे. ही फजिती गावाला मीच सांगितली. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात साहेबांचंच नाव विसरलो, तेही मीच सांगितलं, वर थोडं वाढवून. मग हीच एक गोष्ट चार वर्षं कशी काय दडवली? कारण ती फजिती नाही. ते — थांबा, शब्द नंतर शोधू.

आज सांगतो, कारण उद्या सकाळच्या गाडीनं माझी सून हिंगोलीला येतेय, आणि ती आली की सगळं बाहेर पडणार. खरं तर भीती वाटायला पाहिजे. पण सकाळपासून अंगात नुसती लगबग भरलीय. निकालाच्या दिवशी नापास होणाऱ्या पोराला वाटत असेल तसं — एकदाचा लागू दे.

मी इथल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. बायको सुमन, आठवी शिकलेली. मुलगा अमोल इंजिनिअर, पोर्तुगालमध्ये पोर्तोजवळच्या एका टेकडीवरच्या गावात. सून केतकी परभणीची, ती पण तिथंच नोकरीला. मी निवृत्त झालो त्या वर्षी दोघांनी आग्रह धरला की आता इकडंच या, कायमचे. आधी सहा महिने राहून बघा, पटलं तर कागदपत्रं आम्ही करतो. त्या गावात म्हणे देशोदेशीचे म्हातारे निवृत्त होऊन येऊन राहतात. इंग्रज, जर्मन, सगळे. मग हिंगोलीचे काहून नको?

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. चौकात माझ्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो, मागं विमान, आणि विमान जरा माझ्या कानात शिरल्यासारखं. सत्कारात तीन शाली मिळाल्या. मी भाषणात म्हणालो, ‘तिथं गेल्यावर हिंगोलीचं नाव करीन.’ सुमन पहिल्या रांगेत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ‘साहेबांच्या मिसेस’ म्हणून एक गुलाबाचं फूल दिलं, बस.

आणि आता गंमत बघा. माझी सगळी मदार होती माझ्या इंग्रजीवर. चौतीस वर्षं कचेरीतली इंग्रजी पत्रं मीच लिहिली. आणि त्या गावात इंग्रजीला कुणी विचारेना! पहिल्याच दिवशी बेकरीत गेलो आणि अदबीनं, अर्ज करावा तसं, पाव मागितला. बाई माझ्याकडे बघतेय, मी बाईकडे बघतोय, मागं रांग वाढतेय. तेवढ्यात सुमन पुढं झाली, नुसतं ‘पाव’ म्हणाली, दोन बोटं दाखवली. दोन पाव मिळाले. तिथं पावाला जवळजवळ पावच म्हणतात. चावीला शाव म्हणतात, बटाट्याला बटाटा, साबणाला साबाव. सुमन घरी येऊन केतकीला म्हणाली, “अगं, हे तर आपलीच भाषा बोलून राहिले. नुसतं नाकातून.”

त्या दिवसापासून जी सुटली ती सुटलीच. चौतीस वर्षं माझ्या स्कूटरवर मागं बसलेली ही बाई, ती एकटी बस पकडायला लागली. नगरपालिकेनं म्हाताऱ्या माणसांना भाजी लावायला छोटे छोटे वाफे दिले होते. केतकीनं खटपट करून एक हिला मिळवून दिला. हिनं त्यात मेथी लावली. शेजारच्या वाफ्यावरची आमेलिया नावाची म्हातारी हिची मैत्रीण झाली. दोघी एकमेकींना काय सांगायच्या, देव जाणे, पण तासन् तास सांगायच्या. केतकी कामावरून आली की सासवा-सुना टेकडी उतरून नदीवर फिरायला जायच्या. वर येताना दोघींचं हसणं मला चौथ्या मजल्यावर ऐकू यायचं.

मी काय करत होतो? मी हरवत होतो. दोनदा हरवलो. दुसऱ्या वेळी पोलिसानं हात धरून घरी आणलं, आणि वर सुमनलाच काहीतरी समजावून सांगितलं, मला नाही. हे ऐकून तुम्ही हसताय ना? हसा. मीही ते हसत हसतच सांगत आलो.

परत येण्याच्या सुमारास मी एक फुलस्केप कागद मधोमध दुमडला. कचेरीची सवय. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. डावीकडे लिहिलं: हवा चांगली. चालायला फरसबंदी. लाईट जात नाही. दवाखाना जवळ. मुलगा-सून जवळ. कुणी न सांगता घरी येत नाही. उजवीकडे लिहिलं: चढ फार. थंडीत गुडघे धरतात. मेलो तर सोपस्कार काय, माहीत नाही. कुणी न सांगता घरी येत नाही. हे शेवटचं दोन्हीकडे आलं, ते मी तसंच ठेवलं. अमोलला वाचून दाखवला तेव्हा तो पोट धरून हसला. कागद फार छान होता. फक्त मला तिथं का राहायचं नव्हतं, ते खरं कारण दोन्ही बाजूंना नव्हतं.

खरं कारण असं की एका रविवारी त्या वाफ्यांवर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. सुमननं मेथीची भाजी केली होती. तिच्या मेथीसाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या — मेथीसाठी, हो. मी एका बाजूला खुर्चीवर बसलो होतो. कुणीतरी केतकीला विचारलं, हे कोण? केतकीनं सांगितलं, सुमनचा नवरा. झालं. तो गृहस्थ ‘अच्छा, सुमनचा नवरा’ अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि मोठ्या प्रेमानं माझ्या पाठीवर थाप मारली.

यात दुखण्यासारखं काय होतं, सांगा? खरंच तर होतं. पण मला — मला ते सोसलं नाही. हिंगोलीत मी टपरीवर गेलो की पहिला कप माझा. लोक अर्ज घेऊन येतात, ‘साहेब, जरा दोन ओळी लिहून द्या.’ तिथं मी एका बाईचा नवरा. आणि ती बाई चौतीस वर्षं माझी मिसेस होती, तेव्हा तिला कसं वाटत असेल, हा विचार मला तिथं एकदाही शिवला नाही. तो मी आत्ता, लिहिता लिहिता करतोय.

तर आता ते. सांगतो — सांगतोय ना.

अमोलला मी गॅलरीत गाठलं. म्हणालो, तुझ्या आईचं मन इथं लागत नाही. ती तुला सांगणार नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. रोज कनेरगावची आठवण काढते. तू तिला विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. बघा, कुलूप किती पक्कं लावलं.

आणि सुमनला — ती बॅग भरत होती. मेथीचं बी एका कागदात बांधत होती, आमेलियाला द्यायला. म्हणत होती, कागदं होईस्तवर चार महिने हिंगोलीत काढू आणि मग येऊ. मी दार लोटलं आणि म्हणालो, केतकीला आपली अडचण होते. अमोलला सांगत होती, मी कानांनी ऐकलं. म्हणत होती, आई सारख्या मागं मागं असतात, मला मोकळेपणा राहिला नाही.

सुमनचा हात थांबला. तिनं विचारलं, “माझंच नाव घेतलं?”

मी म्हणालो, तुझंच.

केतकी असं काही बोलली नव्हती. एक शब्द नाही. उलट तीच अमोलच्या मागं लागली होती की आईंचे कागद आधी कर. हे मी कानांनी ऐकलं होतं.

सुमन आमेलियाला भेटायला गेली नाही. वाफ्याची चावी टेबलावर ठेवली आणि निघाली.

नंतर काय झालं ते मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. फोनवर केतकी आली की सुमन दोन वाक्यांत फोन माझ्याकडे द्यायची. केतकीला दिवस गेले. तिनं स्वतः फोन करून बोलावलं, “आई, तुम्हीच या.” सुमन म्हणाली, “तुझ्या आईला बोलाव माय, तुला मोकळं वाटंल.” इतकं सरळ, इतकं गोड बोलली की त्यातलं टोचणं फक्त मलाच कळलं. नात झाली, इरा. आता तीन वर्षांची आहे. सुमननं तिला फोनच्या काचेबाहेर एकदाही पाहिलेलं नाही.

आणि मी टपरीवर. लोक विचारायचे, “काहून साहेब, गेलेच न्हाई मग परदेशात?” मी मान हलवायचो, आमची मंडळी तयार होत नाहीत. मग ते सुमनला बाजारात गाठून चिडवायचे, “वहिनी, तुमच्यापायी साहेब अडकून पडले बगा.” ती हसून घ्यायची.

का हसून घ्यायची, माहीत आहे? वसमतहून तिची बहीण आली होती, तेव्हा ऐकलं. सुमन तिला म्हणत होती, “सुनंचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून हे माझं नाव पुढं करून राहिले. करू दे. माणूस मनाचा मोठा हाय.” मी शेजारच्या खोलीत आंघोळीचा टॉवेल घेऊन उभा होतो. तेव्हा आत जाऊन सांगता आलं असतं. मी आंघोळीला गेलो.

गेल्या महिन्यात केतकीनं मला एकट्याला फोन केला. “बाबा, खरं सांगा, आईंचा माझ्यावर कशाचा राग आहे? माझं काही चुकलं का?” मी म्हणालो, नाही गं, वय झालंय तिचं, चिडचिड होते. बघा — पुन्हा. तयारीसुद्धा लागली नाही. ती म्हणाली, मग मी भावाच्या लग्नाला परभणीला येतेच आहे, दोन दिवस हिंगोलीला येते, आईंच्या समोर बसूनच विचारते.

उद्या ती येतेय. शब्द शोधू म्हणालो होतो ना मघाशी? मिळाला. चोरी. मी माझ्या बायकोचं गाव चोरलं, मैत्रीण चोरली, लेकीसारखी सून चोरली, आणि चोरीचा आळ तिच्याच डोक्यावर ठेवला.

इथवर लिहिलं आणि उठलो. कारण हे तुम्हाला आधी सांगून मी तिला शेवटी ठेवतोय, हे माझ्या लक्षात आलं.

सुमन स्वयंपाकघरात नातीसाठी बेसनाचे लाडू वळत होती. मी दारात उभा राहून सांगितलं. इथं एवढा वेळ लागला, तिथं चार-पाच वाक्यांत संपलं. ती लाडू वळत राहिली. मग म्हणाली, “केतकी तसं बोललीच न्हवती?”

“नाही.”

“एक शब्दबी न्हाई?”

“नाही.”

“मंग मी तिच्या बाळंतपणाला काहून गेले न्हाई?”

मला वाटलं ती मला विचारतेय. ती परातीला विचारत होती. शेवटचा लाडू वळून झाला तशी म्हणाली, “उद्या ठेसनावर मी जाते. तुमी घरी थांबा.”

तो उद्या होऊन आता दोन दिवस झाले. स्टेशन आमच्यापासून दहा मिनिटांवर. गाडी वेळेवर आली हे मी फोनवर बघितलं होतं. रिक्षा दारात थांबली ती दोन तासांनी. इरा सुमनच्या कडेवर होती, हातात अर्धा लाडू. केतकीचे डोळे सुजले होते. दरवेळी ती वाकून नमस्कार करते, या वेळी केला नाही. बरं केलं. बॅग आत ठेवताना एवढंच म्हणाली, “बाबा, चहा घेणार असाल तर सगळ्यांचाच टाकते.”

सुमन माझ्याशी बोलते. जेवायला वाढते, गोळी घेतली का विचारते. जास्त काही नाही. दोघी मात्र सकाळपासून बोलतायत, चार वर्षांचं. आमेलिया आता काठी घेऊन वाफ्यावर येते म्हणे, आणि मेथीवाली कधी येणार, असं विचारत असते.

आज दुपारी केतकीनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सुमनचा तिकडं जायचा अर्ज भरायला घेतला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मधलं दार उघडं होतं. जन्मतारीख आली, तर सुमन म्हणाली, शाळेतल्या मास्तरांनी लावलेलीच घाल, खरी आईलाबी ठावं नव्हती. मुक्काम किती, असं आलं. सुमन म्हणाली, “लई दिवस, असं लिहिता येतंय का?” दोघी हसल्या. चार वर्षांनी हसल्या — तसंच, टेकडीवरून येताना हसायच्या तसं — आणि काय सांगू, माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. मला त्याचा काय हक्क? पण आला.

मग केतकीनं माझ्या खोलीच्या दिशेनं बघितलं असावं. हलक्या आवाजात विचारलं, “आई, सोबत कोण येणार, असं विचारलंय.”

सुमननं आवाज हलका केला नाही.

“एकटी,” ती म्हणाली.

मी पेपरचं पान उलटलं.