वाळूतला झरा

मला माडी हवी होती, हे आधीच कबूल करते. देश व्यापाराला खुला झाला म्हणत होते. तंजावूरच्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरावर नवा मजला चढत होता आणि आम्ही मात्र जुन्या कौलांखाली. माझ्या पोटात दुखायचं.

आमची थोडी भातशेती नदीकाठी होती. ती कसणारी बाई दर उन्हाळ्यात कोरड्या पात्रात हातभर वाळू उकरायची आणि खाली गोड झरा लागायचा. तिची अख्खी वस्ती त्यावर जगायची. पहिली घागर मात्र ती आमच्याकडे पोचवायची. रामनवमीचं पानक आम्ही त्याच पाण्याचं करायचो.

मग वाळूचा ठेकेदार आला. शहरात बांधकामं जोरात होती आणि त्याच्या लॉऱ्यांना आमच्या शेतातून वाट हवी होती. बदल्यात माडीपुरती वाळू फुकट. यजमान कचरले. मीच म्हणाले, "द्या की वाट. अस्की वाळू नदी परत आणते, सगळीच्या सगळी, दरसाल." भातासारखी वाळूही पुन्हा येते, अशी माझी समजूत. शहाणपण पाजळायची हौस मला पहिल्यापासूनच.

दोन उन्हाळ्यांत पात्रात नुसती चिकणमाती उरली. बाई पुरुषभर खोल खणायची, तरी हाती यायचं ते गढूळ, लोखंडाच्या वासाचं पाणी. वस्तीतली पोरं आजारी पडली तेव्हा तिने अर्ज दिला. तालुक्याचे साहेब नदीवर चौकशीला आले, शेताचे मालक म्हणून आम्हालाही बोलावलं. इथे झरा कधी नव्हताच, असं ठेकेदाराचं म्हणणं.

"आमच्या अम्मांना विचारा, साहेब," बाई म्हणाली. "त्यांना ठाऊक आहे."

साहेब माझ्याकडे वळले. आमचा स्लॅब अजून पडायचा होता, निम्मी वाळू यायची होती.

"उन्हाळ्यात आम्ही इकडे येत नाही," मी म्हणाले. "मला काही ठाऊक नाही." जीभ झडली नाही माझी.

बाईने माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात ती मला खोटं पाडू शकली असती. वस्ती तिच्या मागेच उभी होती. पण मालकिणीला चारचौघांत खोटं पाडायची तिच्या घरची रीत नव्हती. पदर सावरत ती म्हणाली, "खरंय, साहेब. अम्मा उन्हाळ्यात येत नाहीत. माझीच चूक झाली."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि चौकशी संपली.