आमचं हंपी झालेलं होतं

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी ज्येष्ठांचा भूगोलाचा तास भरतो. "काश्मीर झालं का तुमचं?" "झालं की. केरळही झालं. आता ईशान्येकडची सगळी एकदम उरकून टाकू म्हणतोय, गुडघे साथ देताहेत तोवर." मुलींची लग्नं व्हावीत तशी डोंबिवलीत राज्यं होतात. एकदा झालं की त्याचं पुन्हा नाव काढायचं नसतं. काढलंच तर लोक काळजीने बघतात, की बाईंना विसरायला होऊ लागलं बहुतेक.

अशा गावात राहून मी एक दिवस मुलाला फोनवर म्हटलं, "मला हंपीला जायचंय."

"हंपी? ते तर झालंय आपलं!"

झालं होतं, यात वादच नाही. यजमान सरकारी नोकरीत होते आणि प्रवासासाठी मिळणारी एलटीसीची सवलत वाया घालवणं त्यांना पाप वाटायचं. मुलगा लहान असताना त्यांच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर बदामी, हंपी आणि वाटेतलं धरण एका दमात झालं होतं. पुराव्याला अल्बम होता. पण यजमानांना जाऊन आता काही वर्षं झाली, मी ठाण्याच्या कोर्टातली नोकरी संपवून घरी बसले, अडुसष्टावं लागलं, आणि मनात एकच गोष्ट घोळत राहिली. विरूपाक्षाच्या देवळाला लागून एक खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर जाऊन बसायचं, संध्याकाळ होऊ द्यायची, आणि मला वाटेल तेव्हाच उठायचं. बरोबर घरचं कोणी नको. एवढंच माझं मागणं होतं.

मुलगा ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला राहतो. भला आहे. काळजी करणं हा त्याचा एकमेव छंद. "एकटी अजिबात नाही," तो म्हणाला, "गाइडवाली टूर बघ. छोटा ग्रुप घे." माझ्याही गुडघ्यांना बॅग ओढणं झेपत नाही, तेव्हा मी कबूल झाले आणि छोटा ग्रुप शोधायला निघाले.

कल्याणच्या पहिल्या ऑफिसात टाय लावलेला एक मुलगा होता. "काकू, आपला छोटाच ग्रुप असतो."

"किती जणांचा?"

"एकच बस."

मग त्याने जेवणाचं पुराण लावलं. सकाळी पोहे, दुपारी अळूची भाजी, रात्री पिठलं-भात. आचारी आपला, मसाले आपले, पिण्याचं पाणीसुद्धा आपलं. मला वाटलं, मग एवढं हंपीच काय ते परकं ठेवलंत, तेही इथूनच न्यायचं होतं. बसमध्ये अंताक्षरी होती. एका दिवशी सर्व महिलांनी पिवळी साडी नेसायची होती. शेवटच्या रात्री 'लकी जोडी' स्पर्धा होती.

"मी एकटी आहे," मी म्हटलं.

त्याचा चेहरा क्षणभर पडला, पण गडी हुशार. "मग तुम्ही परीक्षक व्हा ना काकू!"

मी माझा प्रश्न विचारला, की टेकडीवर किती वेळ थांबता. "वीस मिनिटं, फोटो धरून," तो छाती पुढे काढून म्हणाला. दुसरे लोक म्हणे नुसती खालून दाखवतात.

डोंबिवलीतलं दुसरं ऑफिस खास बायकांच्या सहली काढायचं. एकट्या बाईची तिथे फार सोय होती, म्हणजे तिला एकटं राहूच देत नसत. खोलीतली जोडीदारीण तेच निवडून देणार. वेगळी खोली मिळेल का, असं मी विचारल्यावर काउंटरवरच्या बाईंनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. मी काहीतरी अशोभनीय मागितलं असावं. "मिळते, पण जादा पडतं. आणि कशाला हो? दोघी असलात की रात्री गप्पा होतात."

"मला गप्पा नको आहेत."

"सुरुवातीला सगळ्याच असं म्हणतात. शेवटच्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात."

मी पर्स उचलली आणि रिक्षा पकडली.

तिसरं ऑफिस ठाण्यात, एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वर. तिथे एक पस्तिशीची मुलगी एकटीच बसलेली होती. ती आठच माणसं नेते. तिने मला एकही रंगीत पत्रक दाखवलं नाही, उलट मलाच विचारत बसली. गुडघे चढताना दुखतात की उतरताना? दुपारी आडवं व्हावं लागतं का? रात्री उठावं लागतं का, म्हणजे खोली तळमजल्यावर बघते. वेगळ्या खोलीचं तर तिने विचारलंसुद्धा नाही, ती धरलेलीच होती. माझ्या तब्येतीची इतकी मुद्देसूद चौकशी माझ्या डॉक्टरांनीही कधी केली नव्हती.

टेकडीचं विचारल्यावर ती हसली. "ज्यांना लवकर उतरायचं असतं त्यांच्यासाठी खाली रिक्षा ठेवते. बाकीचे अंधार पडेपर्यंत बसतात. मागच्या वेळी दोघांना हाका मारून मारून दमले, मग मीपण बसले."

मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला. एकच जागा उरली होती. रविवारपर्यंत धरून ठेवते म्हणाली. मी मुलाला सगळं कळवलं, आणि "बुकिंगचं मी बघतो, तू काही करू नकोस" असं तो म्हणाला. मला ते मोबाइलवरून करता येतं. पण त्याला हौस, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी तो जेवायला आला. ठाकुर्लीहून माझी नणंदही आली होती. तीही माझ्यासारखीच नवऱ्यामागे एकटी राहिलेली, पण मला मिळालेली शांतता तिला मुळीच सोसत नाही. श्रीखंड वाढून झालं तसा मुलाने मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. स्क्रीनवर एक उंट होता.

"सरप्राइज! राजस्थान! हंपी तर झालंय ना तुझं, मग परत तेच कशाला? राजस्थान राहिलेलं. कल्याणची ती मोठी कंपनी आहे ना, त्यांच्याकडे केलंय. आणि आत्या आहे सोबत, एकाच रूममध्ये. म्हणजे मलापण टेन्शन नाही."

"वहिनी, लकी जोडीत मी आपल्या दोघींचं नाव देऊनसुद्धा टाकलंय," नणंद म्हणाली.

दोघांचे चेहरे इतके फुललेले होते की चिडायची लाज वाटावी. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेलीच. वाईट हेतूने कोणी काही केलं तर निदान भांडता येतं. प्रेमाने केलेल्या गोष्टीपुढे माणसाला बोलायला तोंड राहत नाही आणि राग दुप्पट होतो.

"मला विचारायचं तरी होतंस."

"अगं, विचारलं तर सरप्राइज कसलं? आणि आई, एकदा बघितलेलं परत बघायला कोण जातं?"

"कोणी बघितलेलं?"

"म्हणजे? बाबांबरोबर गेलेलो ना आपण. टेकडीवरून काढलेले फोटो आहेत की घरात."

"ते बाबांनी काढलेत," मी म्हटलं. "बाबा वर गेले होते. ऑफिसातली सगळी मंडळी वर गेली होती. मी खाली देवळाच्या ओवरीत सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसले होते. ते खाली आले, म्हणाले, फार सुंदर दिसतं वरून, चल, बस सुटेल. मग आपण बसमध्ये बसलो."

आमच्या घरात हे आजवर कधी बोललं गेलं नव्हतं, आणि यजमान काही दुष्ट नव्हते. वर सगळ्यांसाठी त्यांनी पेरूसुद्धा नेले होते. कोणीतरी बॅगांपाशी थांबायला हवं होतं आणि ते कोणी, हा प्रश्न त्यांना काय, मलाही तेव्हा पडला नव्हता. वाईट मात्र वाटलं होतं. ते आत्ताही, पानावर बसल्या बसल्या, तसंच्या तसं वाटलं.

नणंद वाटीतलं श्रीखंड उगाच ढवळत राहिली. "माझं मनाली तसंच झालंय," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंना थंडी बाधली होती. सगळा बर्फ मी हॉटेलच्या खिडकीतून बघितला."

मुलगा अजून माझ्याकडेच बघत होता. "पण तू का नाही गेलीस मागनं? बॅगा काय कोणी नेल्या असत्या?"

"तू मांडीवर झोपला होतास."

तो चाळिशीतला माणूस आहे. ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत. तो म्हणाला, "मग उठवायचं ना मला."

"ताप होता रे तुला," मी म्हटलं. आणि पुऱ्या त्याच्याकडे सरकवल्या.

त्याने एकही घेतली नाही. उठला, हात धुतले, मोबाइलवरचा उंट बाजूला सारला.

"अरे, पण राजस्थानचं काय?" नणंदेने विचारलं. "ती लोकं पैसे परत देत नाहीत."

"मी येतो तुझ्याबरोबर, आत्या."

"त्या लकी जोडीत?"

"हो गं, येतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडून त्या ठाण्याच्या मुलीचा नंबर घेऊन खिडकीशी गेला. आमच्याकडे पाठ करून उभा होता. तिने पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, त्याचं तेवढं आलं.

"हो, तीच हंपीची जागा. एकच. नाही, बरोबर कोणी नाही. आई एकटीच येणार आहे."