दापोऱ्यात माणूस मिळेना

बुऱ्हाणपुरास आगगाडीतून उतरलो तेव्हा शहरावर गिरणीचा धूर पसरला होता. बादशाही हमामखाना आणि तापीचे घाट दोन दिवसांत पाहून झाले. तिसऱ्या दिवशी दापोऱ्याच्या केळीच्या बागा पाहायला निघालो, तेव्हा बिऱ्हाडाशेजारचा गिरणी कामगार नामदेव म्हणाला, "मास्तर, आमचंच गाव ते. आमच्या बुढ्याला (म्हाताऱ्या वडिलांना) एवढी औषधाची पुडी द्या. मला सुट्टी भेटत नाही."

बैलगाडी मिळाली नाही. गाडीवानही गिरणीत लागले होते. पायीच गेलो. वाटेत दोन्ही अंगांना फुटलेला कापूस वेचणीवाचून मातीत लोळत होता. एका शेतात गुरे शिरली होती, हाकलायला कोणी नव्हते.

नामदेवाच्या घरी पोहोचलो, तर म्हातारा पहाटेच गेलेला. त्याची सून सोनाई उशाशी बसली होती. "तिरडी बांधून ठेवली आहे, बाबूजी," ती म्हणाली. "खांद्याला मानसं नाही. तिकडे सांगावा न्यायलाबी कोणी नाही."

शेजारचे दोन म्हातारे तेवढे आले होते. त्यांतल्या एकाचा सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी) दसऱ्यालाच शहरात निघून गेला होता. मला धरून आम्ही तिघे. उन्हे कलली, तरी चौथा कोणी आला नाही. शेवटी सोनाईने पदर खोचला.

"बाईमानसानं खांदा द्यायचा नाही, सूनबाई."

"मग चौथा कोण, काका?"

म्हाताऱ्याने वाकून तिरडीचा दांडा धरला.

नदीपर्यंत तीनदा तिरडी टेकवावी लागली. म्हातारे धापा टाकत होते. सोनाई एकदाही थांबा म्हणाली नाही. अग्नी चुलत्याच्या नात्याने एका म्हाताऱ्याने दिला, तेव्हा मात्र ती वाळूत बसून मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी नामदेवाला गाठून सारे सांगितले. तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याने विचारले, "खांदा कोणी दिला?"

"दोघा म्हाताऱ्यांनी, मी, आणि तुझ्या बायकोनं."

भोंगा वाजला. "चल रे नाम्या!" असे म्हणत एकामागून एक कितीतरी जण आत गेले. सगळे दापोऱ्याचेच होते. नामदेव उठला आणि गावच्या वाटेला लागला. त्याच्यामागे कोणी गेले नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत बसलो. शहर वाढते म्हणजे कुठून तरी माणसे येतात, एवढे मला ठाऊक होते. ती जिथून येतात ते गाव मी पाहिले नव्हते.