कडेगावचा फळा आणि अकरा डिसेंबर

१९६८ च्या डिसेंबरात वडिलांना कडेगावहून एक कार्ड आलं. दोनच ओळी होत्या : 'मास्तर, अकरा तारखेचा फळा लिहायला या. माझ्यानं व्हायचं नाही.' वडिलांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला पिशवी भरायला सांगितली. त्यांचे गुडघे दुखत, एकट्याने एस.टी. बदलणं जमत नसे, म्हणून मीही निघाले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

कार्ड लिहिणारे अमीनचाचा कडेगावातले शिंपी. वडील तिथे शाळामास्तर होते, तेव्हा दोघांनी मिळून वाचनालयाच्या भिंतीवर एक फळा टांगला होता. वर आजची हवा, खाली याच तारखेला पूर्वी काय घडलं ते. हवा चाचा पाहत, इतिहास वडील शोधून देत. आमची साताऱ्याला बदली झाल्यावर चाचा दोन्ही लिहू लागले. मग १९६७ च्या अकरा डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. हजराचाची, म्हणजे चाचांची बायको, तेव्हा कोयनेकडे भावाच्या घरी गेली होती. पहाटे घर कोसळलं. भाऊ आणि त्याची दोन मुलं वाचली. चाची आणि भावजय गेल्या.

आज साताऱ्याहून कडेगावला स्वतःच्या गाडीने दोन तास पुरतात. तेव्हा सकाळच्या एस.टी.ने कऱ्हाड गाठायचं, तिथे ताटकळायचं आणि कडेगाववरून जाणारी विट्याची गाडी मिळाली की उभं राहायची तयारी ठेवायची. उंब्रजला गाडी चहासाठी थांबली. वडील उतरले नाहीत. मी खिडकीतून कप दिला. शेजारी कोयनेकडे जाणारी पाटणची गाडी उभी होती. तिच्याकडे बघता बघता त्यांचा चहा निवून गेला.

कऱ्हाड सोडल्यावर सदाशिवगड मागे पडतो आणि रान कोरडं होत जातं. आता त्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात. तेव्हा दोन्ही अंगाला शाळू आणि तोंडावर धूळ.

चाचा थांब्यावर उभे होते. वर्षभरात निम्मे झाले होते. जेवण त्यांनीच रांधलं होतं : भाकरी, हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी. भाकरीच्या कडा चिरलेल्या होत्या. मी चुलीपुढे बसायला गेले तर त्यांनी बसू दिलं नाही.

जेवता जेवता त्यांनी अडचण सांगितली. वाचनालयाचे चिटणीस म्हणत होते, आपल्या भागातली एवढी मोठी घटना, ती फळ्यावर यायलाच हवी, आणि गावची बाई म्हणून चाचीचं नावही हवं. माणूस वाईट नव्हता. पण चाचांना ते स्वतःच्या हाताने लिहवत नव्हतं, आणि त्या दिवशी फळ्यावर परक्याचं अक्षर त्यांना नको होतं.

दुपारी दुकानाच्या पायरीवर बसल्यावर ते आपणहून बोलले.

"तिला जायाचा लय कंटाळा आलता, मास्तर. थंडी पडलीया, फुडल्या आठवड्यात जाते म्हणली. मीच म्हणलं, आभाळ निवळ हाय, हवा चांगली हाय, जा. फळ्यावर बी त्येच लिवलं हुतं."

वडील म्हणाले, "हवा चांगली होती हे खरंच होतं ना, अमीन."

"व्हय. खरंच हुतं."

दुसऱ्या दिवशी, अकरा तारखेला, सकाळी धुकं होतं. वाचनालयापुढे आठ-दहा माणसं कानटोप्या घालून जमली होती. वडील स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. चाचांनी वर पाहिलं आणि सांगितलं, धुकं, वारा नाही, गारठा. वडिलांनी ते लिहिलं. खाली लिहिलं : 'गेल्या वर्षी आजच्या पहाटे कोयना भागात भूकंप झाला. अनेक माणसे दगावली.'

चिटणिसांनी हळूच नावाची आठवण केली. वडिलांनी वळून चाचांकडे पाहिलं.

"नगं, मास्तर. नाव लिवलं की उद्या सकाळी पुसाय लागंल. त्ये कुणी करायचं?"

वडील उतरले. हातावरची खडूची भुकटी त्यांनी झटकलीसुद्धा नाही.

घरी पोचल्यावर आईने विचारलं, अमीनभावजींना जरा बरं वाटलं का? वडील नाही म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

उन्हाळ्यात चाचांनी दुकान बंद केलं आणि मेहुण्याची आईवेगळी पोरं सांभाळायला कोयनेकडे, भूकंपग्रस्तांसाठीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. शिवणयंत्र बरोबर नेलं होतं. वडिलांना तिकडे जाऊन यायचं होतं. जूनपासून ते विचारत होते आणि मी म्हणत होते, तिकडे पाऊस फार, रस्ता निसरडा, तुमचे गुडघे असे. जरा उघडू दे, मग जाऊ. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला. तोवर वडील अंथरुणाला खिळले होते. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

कडेगावला मोहरमचे उंच ताबूत बघायला लोक लांबून येतात, तुम्हीही जरूर जा. पण कुठल्या हवेत जावं हे मला विचारू नका. मला ते सांगता येत नाही.