गिरणीचा डबा

साठ सालाच्या आसपास ह्यांनी भुकूमला पिठाची गिरणी घातली. गावात वीज आली नव्हती, गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक पत्र्याचा डबा उपडा लावलेला असे. इंजिन सुरू झालं की तो पुक् पुक् वाजे आणि रानातल्या बायांना कळे, गिरणी चालू आहे, दळण न्यायला हरकत नाही.

ह्यांच्या स्वभावाला मधलं काही नव्हतंच. भरात असले की गिऱ्हाइकांशी हसूनखेळून बोलणार, कासारसाईला दुसरी गिरणी घालतो म्हणून चारचौघांत सांगून येणार. मग काही कारण नसताना महिना महिना भिंतीकडे तोंड करून बसणार. जेवण नको, आंघोळ नको. मी मनातून फार घाबरायचे. पण दारात कोणी दळण घेऊन आलं की सांगायचे, इंजिन बिघडलंय. नवऱ्याचं मन बिघडलंय म्हणायची लाज वाटे. इंजिनाची कुठली लाज!

हा शहाणपणा आमच्याच अंगाशी आला. इंजिनाचा भरवसा नाही असं गावभर झालं आणि बाया डोक्यावर पाट्या घेऊन पुढच्या गावच्या गिरणीला जाऊ लागल्या. आमची गिरणी मोडीत काढायची वेळ आली.

अशात एका सकाळी इंजिनाची धडधड ऐकू आली, पण डब्याचा आवाज नाही. जाऊन बघते तर हे साचलेलं दळण दळत होते आणि डबा काढून कोपऱ्यात ठेवलेला. मी संतापले. अशानं लोक कसे येणार, म्हणून विचारलं.

"म्हणूनच काढलाय," हे म्हणाले. "डबा वाजला की माणसं येत्यात. आली की बोलावं लागतंय. दळणाचं काय न्हाई गं, बोलणं होत न्हाई मला."

इतके दिवस मला वाटे, ह्यांना कामच नकोय.

दुसऱ्या दिवसापासून दारात मी बसले. दळण घ्यायचं, तोलायचं, बोलायचं ते मी. आतलं इंजिन ह्यांचं. कोणी विचारलं तर इंजिन धडधाकट आहे, मालकांना बरं नाही, असं सरळ सांगू लागले. एक धनगरीण पाटी उतरवत म्हणाली, "मग आदीच सांगायचं न्हाई व्हय? आमी थांबलो असतो की."

बाया हळूहळू परतल्या. डबा मात्र रोज सकाळी मीच लावायचे. भातकापणीच्या दिवसांत एकदा ओढ्यावर धुणं धूत होते, तर लांबून पुक् पुक् ऐकू आलं. त्या दिवशी डबा मी लावला नव्हता. हातातलं लुगडं वाहून जाता जाता वाचलं.